गाडीच्या पुस्तिकेत इंजिन ऑइलची ग्रेड ०डब्ल्यू-२० आहे आणि मेकॅनिक २०डब्ल्यू-५० टाका म्हणतो. कुणाचं ऐकू?

पुस्तिकेचं ऐका. गाडी सहा वर्षांची झाली म्हणून ऑइल जाड करायचं, हा सल्ला मीही एकदा मानला होता. दुसऱ्या दिवसापासून सकाळी गाडी सुरू केली की टॅपेटची (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या भागांची) टकटक आधीपेक्षा जास्त वेळ ऐकू यायची. पुन्हा मूळ ग्रेडचं ऑइल भरलं, तेव्हाच ती गेली.

कारण सरळ आहे. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. सुरू केल्यावर ते वरपर्यंत पोहोचेतो भाग जवळजवळ कोरडेच घासतात आणि इंजिनाची बरीच झीज तेवढ्यातच होते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं थंडीत ऑइल लवकर चढतं. नंतरचा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंश सेल्सिअसला २०च्या ऑइलची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्स असते, ५०च्या ऑइलची १६.३ ते २१.९. म्हणजे दुपटीच्या आसपास फरक! तुमच्या इंजिनातल्या बेअरिंगच्या फटी पातळ ऑइल धरून आखलेल्या आहेत. व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा असेल तर तीही ऑइलच्याच दाबावर चालते, तिच्या बारीक वाटांतून जाड ऑइल रेंगाळत जातं. मायलेज घटतं ते वेगळंच.

ऑइल खरंच कमी होत असेल तर आधी गळती शोधा, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का ते पाहा. मग पुस्तिकेत पर्यायी ग्रेड दिली असेल तर एक पायरी वर जायला हरकत नाही. पण २०वरून थेट ५०वर उडी नको.

डब्यावर एपीआयचं (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं) गोल चिन्ह असतं, त्यात वरच्या बाजूला दर्जा लिहिलेला असतो. एसएन २०१०चा, एसपी २०२०चा. पेट्रोल गाडीत जुन्याच्या जागी नवा दर्जा चालतो. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असेल तर मी एसपीच घेईन, कारण कमी वेगात जास्त जोर लावताना इंधन वेळेआधी पेटण्याचा धोका त्यात विचारात घेतलेला आहे. सिंथेटिक की मिनरल हा प्रश्न तुम्हाला पडणारच नाही, ०डब्ल्यू-२० सहसा सिंथेटिकच मिळतं.

काळं झालं म्हणून ऑइल खराब झालं असं समजू नका, काजळी पोटात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. मात्र रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवत असाल तर किलोमीटर मोजत बसू नका. इंजिन पुरतं तापत नाही, पेट्रोलचा अंश आणि ओल ऑइलमध्येच राहते. पुस्तिकेतली महिन्यांची मुदत पाळा, सोबत फिल्टरही बदला. भरताना डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या) वरच्या खुणेपलीकडे जाऊ देऊ नका. जास्त झालं तर क्रँकशाफ्ट (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळून फेस करते आणि फेसाळलेलं ऑइल बेअरिंगला आधार देऊ शकत नाही.