ऑर्गनच्या टेप घेण्याआधी

म्हणजे चर्चमधल्या पाइप ऑर्गनच्या संगीताच्या, रीलवरच्या जुन्या टेप. आधी वेग बघा, म्हणजे टेप सेकंदाला किती इंच सरकते ते. बॉक्सवर साडेसात इंच असेल तर घ्या. पावणेचारची टेप स्वस्त मिळते, पण ऑर्गनला ती पुरत नाही; वरचे बारीक स्वर मळकट होतात. बत्तीस फुटी पाइपचा सगळ्यात खालचा सी (C) स्वर म्हणजे जेमतेम 16 हर्ट्झ, तो तसाही घरच्या मशीनवर पूर्ण मिळणार नाही, त्याचा हट्ट सोडा.

दुसरं, ट्रॅक, म्हणजे टेपवर आवाज नोंदवलेले लांब पट्टे. 1950च्या दशकातल्या स्टिरिओ टेप बहुतेक दोन ट्रॅकच्या, नंतरच्या चार ट्रॅकच्या. चार ट्रॅकची टेप दोन ट्रॅकच्या हेडवर (मशीनचा टेप वाचणारा भाग) लावली की बाख या संगीतकाराच्या रचनेमागून दुसऱ्या बाजूचं संगीत उलटं वाजू लागतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टेपच खराब आहे समजून परत करायला निघालो होतो!

रील उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसला तर टेपचं प्लॅस्टिक अ‍ॅसिटेट, आणि व्हिनेगरचा वास आला तर हात लावू नका. पॉलिएस्टर अपारदर्शक दिसते.

ऐकून झाल्यावर लगेच मागे गुंडाळू नका, शेवट बाहेर राहू द्या. गुंडाळलेल्या टेपच्या शेजारच्या थरावर आवाज थोडा उमटतोच. तो स्वराच्या आधी आला तर बाखच्या डी मायनर टोकाटाच्या सुरुवातीच्या शांततेत भुतासारखा ऐकू येतो. शेवट बाहेर असला की तो मुख्यतः नंतर येतो आणि चर्चच्या घुमण्यात मिसळून जातो.

सुरुवातीला ई. पॉवर बिग्स हा ऑर्गनवादक शोधा. त्याच्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या टेप अजून मिळतात.