नांदेडला 1200 स्क्वेअर फुटाचा हॉल रिकामा आहे, कोवर्किंग काढू का? दुसऱ्या धंद्यांना हे मॉडेल चालतं का?

दादा, मी लातूरचा, कोवर्किंग (म्हणजे एकाच हॉलमधली टेबलं वेगवेगळ्या लोकांना कामासाठी भाड्यानं द्यायची) पण चालवून बघितलं आणि आता त्याच जागेत दुसरंच काहीतरी चालवायलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2019 ला मी 14 टेबलं टाकली होती, एसी, वायफाय, चहाची सोय, सगळं. चार-पाचच्या वर माणसं कधी झाली नाहीत. आपल्याकडं ज्याला लॅपटॉपवर काम करायचंय त्याला घरात एक खोली निघते, आणि ज्याला घरात शांतता नाही तो माझ्यापेक्षा निम्म्या पैशात अभ्यासिकेत जाऊन बसतो. खरं म्हणलं तर लातूरच्या अभ्यासिकावाल्यांनी हे मॉडेल कोवर्किंग हा शब्द इकडं यायच्या आधीपासून चालवलंय, महिन्याची सीट, लॉकर, वायफाय, एकाच खुर्चीवर दिवसा एक पोरगं रात्री दुसरं. पुढं 2020 ला लॉकडाऊन लागलं आणि माझी टेबलं गेली.

त्यातनं एक गोष्ट मात्र पक्की कळली. माणूस पैसे त्याच वस्तूचे देतो जी एकट्याला घ्यायला परवडत नाही आणि रोज दिवसभर लागतही नाही. धंदा कुठला का असेना, आधी हे तपासा. शिलाईचं घ्या, साधी मशीन घरोघरी आहे, त्यासाठी कुणी तुमच्या हॉलवर येणार नाही, पण काज-बटणाची मशीन गल्लीत एकाकडंच असते आणि सगळे टेलर तिथंच कपडे पाठवतात. डॉक्टरांचं बघा, पुण्याचा नाहीतर हैदराबादचा स्पेशालिस्ट महिन्यातनं एका रविवारी येतो, इथल्याच एखाद्या डॉक्टरच्या केबिनमधी ओपीडी करतो आणि संध्याकाळी परत जातो, त्याला स्वतःचा दवाखाना कशाला पाहिजे. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, तिथं टेस्टिंग-टूलिंगची महागडी मशिनं छोट्या कारखानदारांना पैसे भरून वापरता येतात. हे सगळं एकाच तत्त्वावर चालतं.

पण दुसरी अट पहिलीपेक्षा मोठी आहे आणि तिच्याकडं कुणी बघत नाही. सगळ्यांना ती वस्तू एकाच वेळी लागायला नको. आमच्या गावात बचत गटानं अवजार बँक काढली, पेरणीला सगळ्या गावाला त्याच चार दिवसात पेरणी यंत्र पाहिजे, वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, काय तुमच्या नंबरची वाट बघत नाही, शेवटी भांडणं झाली आणि ज्याला जमलं त्यानं स्वतःचं घेतलं. हार्वेस्टर मात्र परवडतं, कारण ते एका भागातलं पीक उरकलं की दुसऱ्या भागात जातं.

मी 2021 ला हॉलमधी शेअर्ड किचन काढलं. पल्व्हरायझर (दळायची मशीन), भट्टी, ड्रायर, पॅकिंगची मशीन, आणि तासावर भाडं. आज 9 जणी येतात. सुरवातीला पापड-कुरडया-शेवयावाल्याच घेतल्या होत्या, तर फेब्रुवारी ते मे पाय ठेवायला जागा नाही आणि पावसाळ्यात कुलूप. आता मुद्दाम मिसळून घेतो, उन्हाळी वाळवणवाल्या तीन, दिवाळी फराळाच्या दोन, बाकी मसाला, नाचणी सत्व, कडक भाकरी असं बारमाही करणाऱ्या. माणसं निवडताना त्यांचा सीझन विचारा, पैसे किती देणार ते नंतर.

आणि घाण कुणाची, धुणार कोण, हे पहिल्या दिवशी लिहून घ्या. आमच्याकडं एका ताईंनी मिरची दळली आणि मशीन वरवर पुसून गेल्या, मागनं दुसऱ्या ताईंनी त्याच पल्व्हरायझरवर नाचणी सत्व दळलं. ते सत्व कुणाच्यातरी आठ महिन्याच्या बाळाच्या वाटीत गेलं. दुसऱ्या दिवशी त्या ताई पाकीट घेऊन आल्या, काउंटरवर ठेवलं आणि म्हणल्या, "भैय्या, चाखून बघा." मी चिमूटभर जिभेवर ठेवलं तर घसा जळला. आख्खी बॅच फेकली, पैसे मी भरले, पण बाळ रात्रभर रडलं हे मी अजून विसरलेलो नाही. त्याच महिन्यात मिरचीला वेगळी मशीन घेतली, मिरची फक्त मंगळवार-शुक्रवार, आणि प्रत्येकीनं जाताना किलोभर तांदूळ मशीनमधनं काढून दाखवायचा, तो पांढरा निघाला तरच कार्डावर सही.

एफएसएसएआयची (खाण्याच्या वस्तूंच्या धंद्याला लागणारी सरकारी) नोंदणी ज्याची त्याच्या नावानं करायला लावा, तुमच्या नंबरवर दुसऱ्याचं पाकीट जाऊ देऊ नका. लाईटला सब-मीटर, म्हणजे ज्याचं त्याचं वेगळं मीटर लावा नाहीतर दर महिन्याला वाद. पाण्याचा हिशोब वेगळा धरा, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो एप्रिल 2016 मी लातूरमधी काढलाय, त्यामुळं टाकी मी गरजेच्या दुप्पट बांधली.

जागा घरची आहे ही तुमची मोठी ताकद आहे. वीवर्क ही कोवर्किंगची मोठी कंपनी 2010 ला न्यूयॉर्कला सुरू झाली, इमारती वर्षानुवर्षांच्या करारानं घेतल्या आणि गिऱ्हाईकाला महिन्या-महिन्यानं दिल्या, गिऱ्हाईक निघून गेलं तरी भाडं चालूच, 2023 ला अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. तुमच्या डोक्यावर ते भाडं नाही, त्यामुळं पहिलं वर्ष अर्धा हॉल रिकामा राहिला तरी धीर धरता येईल. कर्ज काढून सगळी मशिनं एकदम मात्र आणू नका, एक आणा, तिचे तास भरू द्या, मग दुसरी.

आता तुम्ही किचनच काढा असं मी म्हणत नाही, नांदेडला तुमच्या आसपास कुठली मशीन लोकांना लांब जाऊन वापरावी लागते ते आठ दिवस फिरून बघा. आणि हॉलला थ्री फेज आहे का, उन्हाळ्यात बोअर टिकतो का, एवढं कमेंटमधी सांगा, त्याच्यावर पुढचं सांगता येईल.