सोनेरी रंग म्हणजे जंतुनाशक लेप नव्हे

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. आईंचं वय ६८, मधुमेह आहे, पुढच्या महिन्यात गुडघा बदलायचाय. रुग्णालयातून सांगितलं की सोनेरी लेपाचा इम्प्लांट घ्या, तो 'अँटीबॅक्टेरियल' आहे, इन्फेक्शनची भीती नाही. पैसे मात्र बरेच जास्त. घ्यावा का?

मी डॉक्टर नाही. गेली बावीस वर्षं भोसरीत टायटेनियमच्या प्लेटा, स्क्रू आणि रॉड यांच्यावर शेवटचा हात फिरवण्याचं काम करतोय: पॉलिश, पॅसिव्हेशन (आम्लात धुऊन वरचा संरक्षक थर पक्का करणं), अ‍ॅनोडायझिंग. त्यामुळे धातूच्या पृष्ठभागाबद्दल जे सांगेन ते खात्रीने सांगेन. ऑपरेशनचे निर्णय तुमच्या सर्जनचे.

आधी रंगाचं बघू. गुडघ्यावरचा सोनेरी लेप बहुतेक वेळा टायटेनियम नायट्राइडचा किंवा त्याच्याच कुळातला असतो. सोनेरी ड्रिल बिट पाहिला असेल ना, तोच लेप. तो अतिशय कठीण असतो आणि आतल्या कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूतून कोबाल्ट, निकेलचे आयन (विद्युतभारित सूक्ष्म कण) शरीरात झिरपणं कमी करतो. म्हणून निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी त्याचा विचार होतो. जंतू मारणं हे त्याचं कामच नाही. अशा पृष्ठभागावर जंतू जरा कमी चिकटतात असं काही प्रयोगांत दिसलंय, पण कमी चिकटणं वेगळं आणि मरणं वेगळं.

रंगाला काही अर्थ नसतो हे मी रोज डोळ्यांनी बघतो. टायटेनियमची पांढरी प्लेट बाथमध्ये, म्हणजे द्रावणाच्या टाकीत, टांगायची आणि व्होल्टेज चढवायचं; हेच अ‍ॅनोडायझिंग. काही सेकंदांत ती तपकिरी होते, मग जांभळी, ३० व्होल्टच्या आसपास निळी, आणि ६०च्या आसपास लख्ख पिवळी, थेट दागिन्यासारखी. त्यात रंगद्रव्याचा कणही नसतो. वरचा ऑक्साइडचा थर जाड होत जातो आणि पावसाळ्यात रस्त्यावरच्या तेलाच्या तवंगावर दिसतात तसे रंग दिसतात. ऑपरेशनच्या घाईत साइझ चटकन ओळखू यावी, एवढाच त्यांचा उपयोग.

मग खरोखर जंतू मारणारे पृष्ठभाग नसतातच का? असतात. त्यांची गरज का पडते ते आधी सांगतो. १९५७ साली लंडनमध्ये एलेक आणि कोनेन या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस जंतू टोचून पाहिले. एरवी पू व्हायला लाखांनी जंतू लागत. तिथे रेशमी टाक्याचा धागा असला की शंभरेक पुरत. परक्या वस्तूभोवती शरीराचा पहारा ढिला पडतो, तो इतका. १९८७ साली ग्रिस्टिना या संशोधकांनी याला शर्यत म्हटलं: धातूवर आधी आपल्या पेशी बसतात की जंतू? जंतू आधी बसले तर स्वतःभोवती चिकट आवरण विणतात, आणि मग अँटिबायोटिकचा फारसा इलाज चालत नाही. एकदा इन्फेक्शनमुळे काढलेली प्लेट आम्ही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. सपाट भाग बराचसा स्वच्छ होता. स्क्रू ड्रायव्हर घसरून पडलेल्या एका ओरखड्यात मात्र गोल गोल दाणे घोसाने दाटलेले होते, द्राक्षाच्या घडासारखे. त्या दिवसापासून ओरखडा असलेला एकही पीस मी पुढे जाऊ देत नाही.

आता खऱ्या लेपांकडे येतो. सगळ्यात जुना अनुभव चांदीचा आहे. जर्मनीत म्युन्स्टरला हाडाच्या कर्करोगात मोठं हाड काढून जे लांबलचक कृत्रिम सांधे बसवतात, त्यांवर चांदीचा थर देतात. तिथल्या डॉक्टरांच्या २०१०च्या अहवालात साध्या टायटेनियमवर १७.६ टक्के रुग्णांना इन्फेक्शन झालं होतं, चांदीवर ५.९ टक्के. फरक मोठा आहे. पण हे रुग्ण केमोथेरपीने खचलेले, मुळात जोखीम फार असलेले, हे विसरून चालणार नाही. शिवाय हाडाच्या पोकळीत जाणाऱ्या दांड्यावर त्यांनी चांदी लावली नव्हती, कारण तिथे हाड धातूला धरायला हवं.

जपानमध्ये कानाझावा विद्यापीठात त्सुचिया यांच्या गटाने केलेलं काम मला जास्त भावतं, कारण ते माझ्याच बाथमधलं आहे. अ‍ॅनोडायझिंग करून ऑक्साइडचा थर सच्छिद्र करायचा आणि त्या छिद्रांत आयोडीन भरायचं. जखमेवर आपण लावतो त्याच औषधातलं आयोडीन. पायाच्या नळीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी जेंटामायसिन या अँटिबायोटिकचा लेप असलेले रॉडही आहेत.

आणि एक अपयश, जे विक्रेते सांगणार नाहीत. सेंट ज्यूड मेडिकल कंपनीने हृदयाच्या कृत्रिम झडपेच्या कापडी कडेला चांदीचा थर दिला होता, 'सिल्झोन' नावाने. हेतू हाच, इन्फेक्शन टाळणं. पण कडेभोवतीचं ऊतक नीट भरून येईना, झडपेच्या बाजूने रक्त गळू लागलं आणि जानेवारी २००० मध्ये कंपनीने त्या झडपा परत मागवल्या. जो पदार्थ जंतूला नकोसा असतो तो आपल्या पेशीलाही नकोसा असू शकतो. मात्रा किती, हाच या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

माहितीपत्रकात '९९.९ टक्के जंतू नष्ट' लिहिलं असेल तर चाचणी कोणती ते विचारा. नेहमीच्या चाचणीत जंतूंचा थेंब पृष्ठभागावर ठेवून वर फिल्म दाबतात आणि २४ तासांनी मोजतात. तिथे ना रक्त असतं, ना प्रथिनं. शरीरात गेल्या गेल्या धातूवर प्रथिनांचा थर चढतो आणि चांदीचे आयन क्लोराइडशी आणि प्रथिनांशी बांधले जातात. शिवाय दहा लाखांतले ९९.९ टक्के मेले तरी हजार उरतात. वरचा शंभराचा आकडा आठवा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. निकेलची अ‍ॅलर्जी नसेल, तर फक्त इन्फेक्शनच्या भीतीने सोनेरी लेपाला पैसे घालू नका. पहिल्यांदा गुडघा बदलताना गंभीर इन्फेक्शन साधारण शंभरात एक-दोघांना होतं, आणि तो धोका कमी करायच्या जागा दुसऱ्या आहेत. आईंची एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या. साखर चढलेली असेल तर महिनाभर थांबायची तयारी ठेवा. किडलेला दात, लघवीचं इन्फेक्शन, पायाच्या बोटांमधल्या चिरा आधी बऱ्या करा. गुडघ्यावरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. इम्प्लांट हाडाला पक्का बसवायच्या सिमेंटमध्ये अँटिबायोटिक वापरणार का ते सर्जनना विचारा. ते हॅम्बुर्गचे सर्जन बुखोल्त्स यांच्यापासून पन्नास वर्षांहून जास्त वापरात आहे.

किमतीचंही बघा. गुडघ्याच्या इम्प्लांटवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी कमाल किंमत आहे. तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या सेटला ५४,७२० आणि टायटेनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सेटला ७६,६०० रुपये ठरली होती, जीएसटी वेगळा. सध्याची कमाल किंमत किती आणि हा सेट कोणत्या गटात बसतो, ते लेखी मागा. ऑपरेशननंतर प्रत्येक भागाच्या खोक्यातला लॉट नंबरचा स्टिकर फाइलमध्ये लावतात, त्याचा फोटो काढून ठेवा. आणि माहितीपत्रक मिळालं तर इथे टाका. लेप कशाचा लिहिलाय ते मी वाचून सांगतो.