माशाचं वय वजनावरून कळतं का?

प्रश्न: सर, उजनीच्या बॅकवॉटरला परवा आम्हाला 4 किलोचा कटला घावला, लांबी भरली 60 सेंमी. मामा म्हणतो किलोला एक वर्ष धरायचं, म्हणजे हा चार वर्षांचा. धाकटा भाऊ म्हणतो खवल्यावर रेघा असतात त्या मोजायच्या. खरं कुणाचं? आणि वय कळून फायदा काय, व्यापारी तर वजनावरच पैसे देतो.
– एक वाचक, भिगवण

उत्तर: भावाचं बरोबर आहे, पण अर्धंच. मामांचा हिशोब मात्र सोडून द्या, कारण एकाच दिवशी सोडलेली बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) मोकळ्या पाण्यात खायला भरपूर मिळालं तर वर्षात किलोच्या पुढे जातात आणि दाटी असलेल्या तळ्यात अर्ध्या किलोवर अडकून बसतात, वय तेच.

आता खवला. पाठीच्या पराखालचे, अंगावरच्या मधल्या रेषेच्या वरचे आठ-दहा काढा, एकच नको, कारण पडून नव्याने आलेल्या खवल्याचा मधला भाग कोरा असतो आणि तो फसवतो. साबणाच्या पाण्यात धुवा, दोन काचांमध्ये दाबून भिंगातून बघा. बारीक कड्या दिसतील, वाढ मंदावली की त्या दाटतात आणि एक पट्टा उमटतो, साधारण वर्षाला एक, म्हणून मोजायचे ते पट्टे. थंड देशात हिवाळ्यामुळे पट्टा ठळक येतो, आपल्याकडे तेवढा नाही, शिवाय उपासमार, आजारपण, अंडी घालण्याचा ताण यानेही खोटा पट्टा पडू शकतो. म्हणून दर महिन्याला खवले घेऊन पट्टा नक्की कधी काठाला येतो ते बघावं लागतं. तुमच्या सोसायटीकडे बीज सोडल्याची तारीख असेल तर ताडून बघा, यासारखा पुरावा नाही!

वाढही निघते. समजा खवल्याच्या मध्यापासून काठापर्यंत 12 मिमी आणि पहिला पट्टा 5 मिमीवर, तर तेव्हा तुमचा कटला साधारण 25 सेंमी होता. (खवले यायच्या आधीही पिल्लाला थोडी लांबी असते, म्हणून नेमक्या हिशोबात थोडी दुरुस्ती करतात.)

म्हाताऱ्या माशाचा खवला वय कमी सांगतो, कारण वाढ थांबत आली की काठाच्या कड्या एकमेकीत मिसळतात. अमेरिकेतल्या बिगमाउथ बफेलो माशाचं वय 2019 साली कानातल्या खड्यावरून (त्यातही खवल्यासारखे पट्टे पडतात) 112 वर्षं निघालं, तोवर त्याला पाव शतकाचाच समजत होते! शिंगाळ्याला तर खवलेच नाहीत, तिथे छातीच्या पराचा काटा आडवा कापून बघतात.

फायद्याचं म्हणाल तर पन्नासेक माशांचे खवले बघा. बहुतेकांवर एकच पट्टा निघाला तर तुम्ही मासा भराभर वाढत असतानाच उचलताय, जाळ्याचा आस (भोक) मोठा घ्या, तोच मासा पुढच्या साली दुप्पट वजनाचाही भरू शकतो. एकाच्या जाळ्याने काही होणार नाही म्हणा, शेजारचा बारीक जाळं टाकणारच, तेव्हा हा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढा आणि जाताना खवले सोबत न्या.