म्युनिकला येतेस तर पोलिसांचं हे वाचून ठेव

सायली, म्युनिकची नोकरी घेऊ का आणि तिकडे पोलिसांना ओळखपत्र दाखवलं नाही तर खरंच डांबून ठेवतात का, असं विचारलंयस. व्हिसा, विमा, घरभाडं हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते.

ठेवू शकतात. गुन्ह्याचा संशय असेल आणि ओळख पटत नसेल, तर चौकीवर नेतात, झडती आणि बोटांचे ठसेही घेऊ शकतात. नुसत्या ओळखीसाठी 12 तासांच्या वर ठेवता येत नाही. संशय कसला, ते त्यांनी सांगायला हवं. नाही सांगितलं तर विचार. नाव, जन्मतारीख, पत्ता, नागरिकत्व सांगावंच लागतं, नाहीतर 1000 युरोपर्यंत दंड. त्यापुढे, संशय तुझ्यावरच असेल तर, गप्प बसायचा हक्क आहे. जर्मन माणसाकडे 16व्या वर्षापासून ओळखपत्र असावं लागतं, पण ते खिशात घेऊन हिंडायची सक्ती नाही. आपल्याला पासपोर्ट आणि तिथे राहण्याचा परवाना मागताक्षणी दाखवावा लागतो, म्हणून परवान्याचं कार्ड कायम जवळ ठेव.

आता हे कार्ड वेळेवर मिळेल तर ना! परवान्याची मुदत संपत आली की अर्ज करायचा आणि अपॉइंटमेंटची वाट बघायची. तोवर हातात 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' नावाचा एक घडीचा कागद. तो कायदेशीर आहे, पण बघणारा प्रत्येक जण तो उलटसुलट करून बघतो. घड्यांवर फाटत चाललेला तो कागद पर्समध्ये घेऊन मी एक अख्खा हिवाळा काढला, त्याची चीड अजून येते.

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून परतताना सीमेवर पोलिस गाडीत चढले. डबा भरलेला होता, पण ते सरळ आमच्यापाशी आले. माझा पंधरा वर्षांचा मुलगा अस्सल बायरिश, म्हणजे म्युनिककडच्या उच्चारात म्हणाला, "आम्हालाच का?" पोलिसाने उत्तर दिलं नाही, नुसता हात पुढे केला. मी दोघांची कार्डं दिली आणि वर हसून 'डांके', म्हणजे थँक यू, म्हणाले. त्या हसण्यावरून मुलगा बरेच दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

भारतीय वंशाच्या एका जर्मन नागरिकाला 2012 मध्ये चेक सीमेवरून आलेल्या गाडीत लेकीसमोर असंच तपासलं होतं. तो लढला. 2022 मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जर्मनीला दोषी धरलं, कारण रंगावरून निवडल्याच्या त्याच्या तक्रारीची स्वतंत्र चौकशीच झाली नव्हती. दहा वर्षं! माझ्यात तेवढा दम नाही, पण तो निकाल मी मुलाला वाचायला दिला.

एकटेपणाचं म्हणशील तर मराठी मंडळ आहे, गणपती आहे, होते सवय.

सवय झाली नाही ती शाळेची. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीतच जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या सरासरीवर पुढची शाळा ठरते. विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, गिम्नाझियमला, 2.33 लागते, इथे आकडा जितका कमी तितका चांगला. आमच्या मुलाची आली 2.66, जर्मनमुळे. घरी मराठी बोलता म्हणून, असं बाई तोंडावर म्हणाल्या. तुझी लेक पहिलीत आहे ना? येण्याआधीच तिचं जर्मन सुरू कर. मराठी सोडू नकोस मात्र, कुणी काही म्हणो.