लांबच्या पक्ष्यांच्या फोटोंसाठी 300 मिमीची लेन्स पुरेल की 600 च घ्यावी?

तुमच्याकडे क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) कॅमेरा बॉडी आहे, 70-300 मिमीची झूम लेन्स आहे, पाणपक्षी लांब बसतात आणि "300 ने काही होत नाही" म्हणून थेट 150-600 घेताय. ते अवतरणातलं वाक्य आमच्या दादाच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहायला बसलोच.

दादाकडे 150-600, माझ्याकडे तुमच्यासारखीच 70-300. फोटोचा विषय निघाला की हा चारचौघांत म्हणणार, "त्या खेळण्याने काय पक्षी काढतोस". एकदा स्वतःहून त्याची लेन्स माझ्या हातात ठेवली, घे आठवडाभर, बघ फरक, म्हणाला. मी पण खूष. तळ्यावर पोचेपर्यंत साडेअकरा वाजलेले, समोर चिखलात शेकाट्या, तो लांब पायांचा पाणपक्षी, शंभरेक मीटरवर. आधी तर तो फ्रेममध्येच सापडेना, कारण क्रॉप बॉडीवर 600 ची आडवी चौकट जेमतेम सव्वादोन अंशांची, म्हणजे चार चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढी. सापडला तर त्याचे लाल पाय वळवळतायत, पाण्यात सोडलेल्या दोऱ्यासारखे. शटर 1/1600 सेकंद, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारा) चालू, लेन्स बॅगेवर टेकवलेली, आणि तरी घरी येऊन बघतो तर दोनशे फोटोंत एकाचाही डोळा शार्प नाही. मला वाटलं फोकस पुढेमागे होतोय. छे, दोष हवेचा. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते आणि 600 ती थरथर पण तेवढीच मोठी करून दाखवते, मग लेन्स कितीही महागातली असू दे.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी गेलो, दोन किलोचं धूड घरी ठेवून, माझी 300 घेऊन. काठावर पालथा पडून राहिलो, तास झाला असेल, कोपरं ओली, मानेला रग लागलेली. शेकाट्या चरत चरत आपला आपण वीसेक मीटरवर आला. चोचीच्या टोकाला लोंबणारा थेंब आलाय त्या फोटोत, लाल डोळ्यात उजेडाचा ठिपका आलाय.

आता हिशोब बघा, सोपा आहे. फोकल लेंथला (लेन्सचा 300, 600 हा आकडा, मिमी) अंतराने (मीटर) भागा, एक मीटरची वस्तू सेन्सरवर तेवढे मिमी येते. 600 ला 100 मीटरवर 6, 300 ला 20 मीटरवर 15. शेकाट्या सदतीस-अडतीस सेंटीमीटरचा, म्हणजे आदल्या दिवशी तो सव्वादोन मिमी होता, दुसऱ्या दिवशी साडेपाचच्या वर. अर्ध्या फोकल लेंथने अडीचपट मोठा पक्षी! आणि मधली हवा पाचपट कमी, ते वेगळंच.

हा फोटो दादाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली काय लिहिलं तर "माझी लेन्स दिली होती याला". मी एक्झिफचा (कॅमेरा फोटोसोबत नोंदवतो त्या माहितीचा) स्क्रीनशॉट टाकला, 300 मिमी, एफ 5.6. निळ्या टिका आल्या, उत्तर आजतागायत नाही.

तर तुमचं. आधी स्वतःचे जुने फोटो उघडून बघा, सगळे 300 च्या टोकाला आणि तरी निम्म्याहून जास्त क्रॉप केलेले (कडा कापलेले) असतील, आणि जवळ जाणं खरंच शक्य नसेल, तरच लांब लेन्स. मधला मार्ग 100-400, हातात धरून दिवसभर चालता येतं. 400 चा फोटो 600 एवढा क्रॉप केला तर 24 मेगापिक्सेलचे साधारण साडेदहा उरतात, स्क्रीनवर बघायला भरपूर झाले. टेलिकन्व्हर्टरच्या (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून फोकल लेंथ वाढवणाऱ्या भिंगाच्या) नादी लागू नका, 1.4 वाला एक स्टॉप (निम्मा उजेड) खातो, म्हणजे एफ 6.3 ची लेन्स एफ 9 वर जाते, अंधुक उजेडात ऑटोफोकस चाचपडत बसतो.

बरं, हे राहिलं, घरटं असेल किंवा पिल्लं असतील तर माझं जवळ जायचं शहाणपण गुंडाळून ठेवा, तिथे लांबूनच. उडणारे शिकारी पक्षी, खोल पाण्यातली बदकं, गाडीतून उतरायला मनाई असलेलं जंगल, इथेही पालथं पडून काही होत नाही, 600 लागतेच. म्हणजे दादा अगदीच चूक नाही. पण हे त्याला सांगायला मी जाणार नाहीये, आणि लेन्स घेतलीत तरी 70-300 विकू नका.