रे ट्रेसिंग टिकेल, की नव्याचे नऊ दिवस?

तुमच्याकडे जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड आहे, ते बदलायचंय आणि दुकानदार रे ट्रेसिंगचं नाव काढून बजेट वाढवायला सांगतोय. हे पुढे चालेल, की फिजएक्ससारखं (गेममधली मोडतोड खरी वाटावी म्हणून आलेलं तंत्र) विरून जाईल, असा तुमचा प्रश्न.

आधी माझा धंदा सांगतो. मी बाणेर-बालेवाडीतल्या बिल्डरांना थ्रीडी व्ह्यू करून देतो. पाया खणायच्या आधीच जाहिरातीत सजलेला हॉल दिसतो ना, तो आमचा. आमच्याकडे रे ट्रेसिंग जुनंच आहे. प्रकाशाचा किरण कशावर आपटतो, तिथून कुठे वळतो, याचा हा हिशोब. टर्नर व्हिटेड या संगणकतज्ज्ञांनी तो १९८० सालीच मांडला होता. आम्ही संध्याकाळी एक चित्र रेंडरला, म्हणजे कॉम्प्युटरकडून काढून घ्यायला, लावून घरी जायचो आणि सकाळी येऊन बघायचो. पहाटे लाइट गेली की अख्खी रात्र पाण्यात.

गेमला रात्र मिळत नाही. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, हवी असतील तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. म्हणून गेमवाल्यांनी इतकी वर्षं प्रकाश मोजलाच नाही, त्याचं सोंग काढलं. सोंग उत्तम होतं, वाद नाही. पण एकदा उघडं पडलं की पुन्हा पुन्हा दिसत राहतं.

समजा, गेममध्ये पाऊस पडून गेलेला लक्ष्मी रोड आहे. डबक्यात साड्यांच्या दुकानाची पाटी चमकतेय. तुम्ही डबक्याकडे नीट बघायला मान खाली घातलीत, की वरची पाटी पडद्याबाहेर जाते आणि तिच्याबरोबर डबक्यातलं प्रतिबिंबही पुसलं जातं. कारण जे पडद्यावर आहे तेवढंच उलटं करून डबक्यात चिकटवलेलं असतं.

दुसरं सोंग आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घरावरून सांगतो. तिथे लाल कोबा आहे. दुपारी तीनच्या सुमारास खिडकीतलं ऊन कोब्यावर पडलं की समोरच्या पांढऱ्या भिंतीचा खालचा हातभर पट्टा गुलाबी दिसतो. खिडकी लावली की गुलाबी जातो. जुन्या पद्धतीच्या गेममध्ये तो गुलाबी आधीच मोजून भिंतीवर छापून टाकतात, त्याला बेक करणं म्हणतात. मग खिडकी लावा नाहीतर उघडा, गुलाबी तिथेच. आणि डिझायनरने भिंत दोन फूट सरकवली की सगळं पुन्हा बेक करा. बिल्डरने ऐनवेळी खिडकी हलवली की आम्हाला काय वाटतं ते मला विचारा.

माझ्या मते खरी ग्यानबाची मेख इथे आहे. खेळणाऱ्यांना रे ट्रेसिंगची फार भूक आहे असं मला कधी दिसलं नाही. माझा भाचा कोथरूडला राहतो. त्याच्या मशीनवर मी एकदा ते ऑन-ऑफ करून दाखवलं, तर म्हणाला, "मामा, मारामारीत डबकं कोण बघतं?" बरोबरच आहे त्याचं. ही गरज गेम बनवणाऱ्यांची आहे. आणि ज्याच्या हातात गेम आहे त्याला हवं असेल, तर ते येतंच.

सुरुवात मात्र हसण्यासारखी होती. तुमचं कार्ड ज्यांचं, त्या एनव्हिडियाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये रे ट्रेसिंगवाल्या कार्डांची आरटीएक्स २० मालिका जाहीर केली. त्यातल्या २०८० टीआय कार्डाच्या फाउंडर्स एडिशनची (एनव्हिडियाच्या स्वतःच्या आवृत्तीची) किंमत होती ११९९ डॉलर. सप्टेंबरात कार्डं हातात आली, पण त्यांवर रे ट्रेसिंग चालेल असा एकही गेम नव्हता! नोव्हेंबरमध्ये बॅटलफील्ड ५ या गेममध्ये रे ट्रेसिंगची प्रतिबिंबं आली आणि वेग पार कोसळला. लोकांनी तेव्हाच 'फॅड' म्हणून शिक्का मारला.

पण फिजएक्सशी तुलना मला पटत नाही. ग्राफिक्स कार्डवर चालणारं फिजएक्स एकट्या एनव्हिडियाचं राहिलं. रे ट्रेसिंग आज एएमडी आणि इंटेलच्या कार्डांतही आहे, शिवाय २०२० च्या नोव्हेंबरपासून पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या गेम कन्सोलमध्येही. कन्सोलमध्ये आलं की मोठ्या गेमवाल्यांना ते धरून चालता येतं. मेट्रो एक्झोडस या गेमची २०२१ ची सुधारित आवृत्ती रे ट्रेसिंगच्या हार्डवेअरशिवाय सुरूच होत नाही. २०२४ च्या डिसेंबरमधला इंडियाना जोन्सचा गेम तसाच, २०२५ चा डूम: द डार्क एजेससुद्धा तसाच. या दोन्हींना किमान आरटीएक्स २०६० सुपरच्या तोडीचं कार्ड लागतं. तिथे ऑफ करायचं बटणच नाही. तुमच्या १६६० सुपरमध्ये त्यासाठीचे कोअर, म्हणजे हा हिशोब करणारे खास भाग, नाहीत, म्हणजे हे दोन गेम हवे असतील तर प्रश्न मिटलाच.

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ एवढंच खेळत असाल तर मात्र एक रुपयाही वाढवू नका. तिथे रे ट्रेसिंग नाहीच, आणि असतं तरी पहिल्या दिवशी सगळ्यांनी बंद केलं असतं.

घ्यायचंच ठरलं तर आरटीचा, म्हणजे रे ट्रेसिंगचा, स्टिकर बघण्याआधी कार्डवरची मेमरी बघा. रे ट्रेसिंगला अख्ख्या दृश्याचा नकाशा मेमरीत धरून ठेवावा लागतो, ८ जीबी लवकर भरते. परवडत असेल तर १२ किंवा १६ चं घ्या. एनव्हिडियाच्या डीएलएसएससारखी सोयही बघा. चित्र कमी रिझोल्युशनमध्ये काढून मोठं करायचं ही त्यातली युक्ती, आणि मधल्या किमतीच्या कार्डांवर रे ट्रेसिंग तिच्याच जिवावर चालतं. जुना एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) किती वॉटचा आहे ते घरून निघायच्या आधी वाचून जा.

टिळक रोडवरच्या दुकानात कुणी डेमो दाखवला तर डबकी आणि काचा बघू नका, त्या भुलवायलाच असतात. खोलीतल्या टेबलाखाली बघा, भांडं फळीला टेकतं तिथे बघा. आरटी ऑफ केल्यावर भांडं फळीपासून किंचित उचलल्यासारखं वाटलं आणि ऑन केल्यावर टेकलं, तर तुमच्या डोळ्यांना फरक कळतोय. दहा मिनिटं टक लावूनही सारखंच वाटलं, तर स्वस्तातलं घेऊन या.